काळी रेघ, पक्की रेघ

कागदावर चुकलेली रेघ खोडता येते, भिंतीवरची रेघ रंगाखाली झाकता येते. माणसाच्या कातडीवर सुईने काढलेली रेघ मात्र त्या माणसाबरोबरच म्हातारी होते आणि त्याच्याबरोबरच संपते. म्हणूनच गोंदणाच्या व्यवसायात रंगसंगतीपेक्षा आणि कल्पनेपेक्षाही एका गोष्टीवरून कारागिराची परीक्षा होते. त्याची बाह्यरेषा काळीभोर आहे का, सलग आहे का आणि वीस-तीस वर्षांनंतरही ती ओळखू येते का, हे पाहिले जाते. गेल्या शतकात अमेरिकेत या कसोटीला ज्याने आपले सारे आयुष्य वाहिले, त्याचे नाव नॉर्मन कीथ कॉलिन्स. जग त्याला 'सेलर जेरी' या नावाने ओळखते.

आज हे नाव अनेकांनी रमच्या बाटलीवर किंवा टी-शर्टवर वाचलेले असते. त्यामागे एक खराखुरा माणूस होता आणि त्याने हवाईतील होनोलुलू शहराच्या एका बदनाम वस्तीत बसून गोंदणाच्या हलक्या समजल्या जाणाऱ्या धंद्याला शिस्त लावली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मालगाडीतून सुरू झालेला प्रवास

कॉलिन्सचा जन्म १४ जानेवारी १९११ रोजी अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील रेनो शहरात झाला. बालपण उत्तर कॅलिफोर्नियात गेले. घरातील एका हट्टी खेचराच्या नावावरून वडिलांनी त्याला 'जेरी' म्हणायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. स्वभावातील तो हट्ट त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

किशोरवयातच त्याने घर सोडले. त्या काळी अमेरिकेत हजारो बेकार तरुण चोरून मालगाड्यांत चढत आणि काम मिळेल तिथे उतरत. जेरीही त्यांच्यातलाच एक झाला. या भटकंतीत त्याला अलास्कातील पामर गावचा 'बिग माइक' नावाने ओळखला जाणारा माणूस भेटला. हाताने सुई टोचून गोंदण कसे करायचे, हे जेरी त्याच्याकडून शिकला. यंत्र नाही, वीज नाही. सुई शाईत बुडवायची आणि एकेक ठिपका टोचत रेघ पुरी करायची. जगभरातील पारंपरिक गोंदणाची पद्धत थोड्याफार फरकाने हीच होती.

विसाच्या दशकाच्या अखेरीस तो शिकागोला पोहोचला. तेथे गिब थॉमस ऊर्फ 'टॅट्स' थॉमस या नामवंत गोंदणकाराने त्याच्या हाती विजेवर चालणारे यंत्र दिले. सराव करायचा तर कातडी हवी. ती पुरवली शिकागोच्या गरीब वस्तीतील दारुड्यांनी. स्वस्त दारूच्या किंवा चार पैशांच्या मोबदल्यात ही माणसे शिकाऊ पोरापुढे हात पुढे करीत. आजच्या नजरेने ही गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. त्या काळी मात्र या धंद्याचे शिक्षण असेच होत असे. शिकणाऱ्याची चूक दुसऱ्याच्या अंगावर कायमची राहत असे आणि तिची दाद मागायला कोणी येत नसे.

पेनपासून यंत्रापर्यंत

जेरीच्या हाती आलेले यंत्र तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांचे होते. थॉमस अल्वा एडिसनने १८७६ मध्ये विजेवर चालणाऱ्या एका पेनचे पेटंट घेतले होते. कागदावर बारीक छिद्रे पाडून मजकुराच्या अनेक प्रती काढता याव्यात, यासाठी ते पेन होते. कचेऱ्यांत ते फार काळ टिकले नाही. मात्र न्यूयॉर्कमधील सॅम्युएल ओरायली या गोंदणकाराने त्याच तत्त्वावर आधारलेल्या यंत्राचे पेटंट १८९१ मध्ये मिळवले. पुढे १९०४ मध्ये चार्ली वॅग्नरने सुधारित यंत्राचे पेटंट घेतले.

जेरीच्या पिढीने वापरलेले यंत्र विद्युतचुंबकावर चाले. तारेची दोन वेटोळी, त्यांच्या वर स्प्रिंगला जोडलेली लोखंडी पट्टी आणि एक संपर्क-स्क्रू, एवढाच त्याचा संसार. प्रवाह सुरू झाला की चुंबक पट्टीला खाली खेचतो. पट्टी खाली गेली की संपर्क तुटतो, चुंबक सोडून देतो आणि स्प्रिंग पट्टीला पुन्हा वर नेते. घरातील जुनी विजेची घंटा नेमकी याच तत्त्वावर वाजते. पट्टीला जोडलेली सुई या हेलकाव्याबरोबर क्षणोक्षणी खाली-वर होत राहते.

हातापेक्षा यंत्र कितीतरी वेगाने टोचते, हे खरेच. पण वेग वाढला की चुकीचाही वेग वाढतो. हाताने टोचणाऱ्याला प्रत्येक ठिपक्यानंतर विचार करायला सवड असते. यंत्रावर ती मिळत नाही. यंत्रावरची रेघ हातात आधीच तयार असावी लागते.

नौदल आणि हॉटेल स्ट्रीट

एकोणिसाव्या वर्षी कॉलिन्स अमेरिकन नौदलात भरती झाला. समुद्राचे वेड त्याला तिथेच लागले आणि आशियातील चित्रकलेची ओढही याच काळात लागली. तिसाच्या दशकात त्याने होनोलुलूमध्ये मुक्काम ठोकला आणि अखेरपर्यंत तेच त्याचे घर राहिले.

होनोलुलूच्या चायनाटाउन भागातील हॉटेल स्ट्रीट म्हणजे दारूचे गुत्ते, वेश्यागृहे आणि गोंदणाची दुकाने यांची रांग. लांबच्या सफरीनंतर किनाऱ्यावर उतरलेले खलाशी आणि सैनिक तिकडे धाव घेत. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यात २,४०३ अमेरिकनांचा बळी गेला आणि हवाई बेटे पॅसिफिकमधील युद्धाचे मुख्य ठाणे बनली. त्याच दिवशी लागू झालेला लष्करी कायदा ऑक्टोबर १९४४ पर्यंत उठला नाही. रात्री संचारबंदी आणि दिवेबंदी असे. त्यामुळे जी काही मौज करायची ती दिवसाउजेडी, आणि तीही परतीची वेळ गाठून.

पॅसिफिकमधील लढाईवर निघालेली विशी-बाविशीची पोरे या रस्त्यावर रांगा लावून उभी राहत. यातला कोण परत येईल, हे कोणालाच सांगता येत नव्हते. कुणी दंडावर नांगर काढून घेई, कुणी आईचे नाव लिहिलेला हृदयाचा आकार, कुणी हुला नर्तकी, कुणी गरुड. या चित्रांना खलाशांच्या जगात ठरलेले अर्थ होते. पाकोळीचे चित्र पाच हजार सागरी मैलांचा प्रवास सांगे. शिडांनी भरलेले जहाज केप हॉर्नला वळसा घातल्याची खूण मानली जाई. पायांवरचे डुक्कर आणि कोंबडा बुडण्यापासून वाचवतात, अशी श्रद्धा होती.

अशा गिऱ्हाइकाजवळ वेळ थोडा आणि पैसा मर्यादित. गोंदणकाराला एका बैठकीत, काही मिनिटांत काम उरकावे लागे. भिंतीवर लावलेल्या तयार चित्रांच्या तक्त्यांवरून गिऱ्हाईक बोटाने चित्र दाखवी. या तक्त्यांना धंद्यात 'फ्लॅश' म्हणतात. जेरीने असे शेकडो तक्ते स्वतः रंगवले. आजही त्याची ओळख पटते ती याच चित्रांवरून. जाड काळी बाह्यरेषा, तिच्या आत काळ्या छटेचा भरघोस वापर आणि मोजके, ठाशीव रंग ही त्यांची वैशिष्ट्ये होत.

रेघ टिकते कशी?

ही जाड काळी रेघ केवळ आवडीनिवडीचा भाग नव्हती. तिच्यामागे कातडीचे शास्त्र होते आणि ते जेरीसारख्या कारागिरांना अनुभवाने कळले होते.

माणसाच्या कातडीचा वरचा थर सतत झडत आणि नव्याने तयार होत असतो. साधारण महिन्याभरात तो बदलतो. शाई या थरातच राहिली, तर काही आठवड्यांत ती कातडीबरोबर निघून जाते आणि रेघ जागोजागी तुटते. शाई पोहोचायला हवी ती त्याखालच्या थरात, म्हणजे पृष्ठभागापासून सुमारे एक ते दोन मिलिमीटर खोल. सुई त्याहून खोल गेली, तर शाई चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर डाग उमटतो. रेघेचे भवितव्य एवढ्याशा जाडीत ठरते. त्यातही कातडी सगळीकडे सारखी नसते. मनगटाच्या आतल्या बाजूची पातळ, पाठीची जाड, बरगडीवरची हलणारी. एकाच चित्राची रेघ काढताना हाताचा दाब अनेकदा बदलावा लागतो.

तेथे गेलेली शाई का टिकते, याचा उलगडा बराच उशिरा झाला. शरीर शाईच्या कणांना परके समजते. भक्षकपेशी ते कण गिळतात. पण त्यांना ते पचवता येत नाहीत. या पेशी मेल्यावर सुटलेले कण नव्या पेशी गिळतात, असे फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून २०१८ मध्ये दाखवून दिले. डोळ्यांना स्थिर दिसणारी रेघ शरीरात अशी एका पेशीकडून दुसरीकडे सोपवली जात असते. या देवघेवीत काही कण इकडेतिकडे सरकतात. त्यामुळे वर्षांगणिक प्रत्येक रेघ थोडी जाड होते आणि तिची कड मऊ पडते. उन्हामुळे रंग फिके होतात. लाल-पिवळा आधी उतरतो, कार्बनचा काळा सर्वांत जास्त टिकतो. हा काळाही कातडीच्या आडून पाहिल्यावर निळसर-हिरवट भासतो. आपल्याकडे जुन्या बायकांच्या कपाळावरचे आणि हातावरचे गोंदण हिरवे दिसते, त्याचे कारण हेच.

ही झीज गृहीत धरूनच जेरीने चित्रे आखली. बारीक रेघा जवळजवळ काढल्या, तर काही वर्षांनी त्या एकमेकींत मिसळून काळा धब्बा होतो. म्हणून रेघ ठळक ठेवायची आणि दोन रेघांमध्ये मोकळी जागा सोडायची. बाह्यरेषा धरणासारखी असावी. आतला रंग उतरला तरी आकार सांभाळून धरणारी. त्याच्या चित्रातील गरुड खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही गरुडच दिसतो आणि खलाशी म्हातारा झाल्यावरही तो गरुडच राहतो.

हे साधायला हाताइतकीच हत्यारे महत्त्वाची. बाह्यरेषेसाठी एकच सुई पुरत नाही. तीन, पाच, सात अशा सुया गोल जुडीत घट्ट बसवून एका दांडीला डाख देऊन जोडल्या जात. जुडी घट्ट असेल, तर अनेक सुयांची मिळून एकच स्वच्छ रेघ उमटते. ती सैल असेल, तर रेघेची कड फाटते. जेरीने सुयांच्या स्वतःच्या मांडण्या तयार केल्या. कातडीला कमी इजा व्हावी आणि शाई मात्र पुरेशी बसावी, हा त्यामागचा हेतू होता. तो स्वतः विजेच्या कामात तरबेज असल्यामुळे यंत्रे उघडून त्यांत सुधारणा करणे हा त्याचा आवडता उद्योग होता. रेघेच्या यंत्राला छोटा आणि जलद हेलकावा लागतो, छटा भरण्याच्या यंत्राला लांब आणि संथ.

मग हाताचे काम येते. कातडी दुसऱ्या हाताने ढोलाच्या पानासारखी ताणून धरायची. सैल कातडीवर सुई उसळते आणि रेघ थरथरते. हाताचा वेग यंत्राच्या वेगाशी जुळवायचा. हात फार पुढे पळाला, तर सलग रेघेऐवजी ठिपक्यांची माळ उमटते. तो रेंगाळला, तर कातडी कुरतडली जाते आणि जखम भरताना शाई बाहेर पडते. रेघ शक्यतो एका दमात पुरी करायची. मध्ये थांबावे लागलेच, तर सुई हळूच उचलायची आणि थोडे मागे येऊन त्याच रेघेवर पुन्हा टेकवायची, म्हणजे जोड दिसत नाही. त्या काळी चित्राचा साचा सेल्युलॉइडवर कोरलेला असे. त्याच्या खाचांत कोळशाची पूड भरून ती व्हॅसलीन लावलेल्या कातडीवर उमटवत. ही पूड हात लागताच पुसली जाई. म्हणून काम खालच्या कडेपासून वर न्यायचे. म्हणजे जास्तीची शाई पुसताना पुढची रेघ नाहीशी होत नाही. आधी बाह्यरेषा, मग काळी छटा आणि शेवटी रंग हा क्रमही ठरलेला. प्रत्येक नियम साधा आहे. सगळे एकाच वेळी पाळणे मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय शक्य होत नाही.

दुकानातील शिस्त

युद्धानंतर, पन्नासच्या दशकात करखात्याशी बिनसल्यामुळे जेरीने काही वर्षे गोंदणापासून फारकत घेतली. या काळात त्याने तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचा कप्तान म्हणून पर्यटकांना हवाईची बेटे फिरवली. तो सॅक्सोफोन वाजवी, मोटरसायकल चालवी. केटीआरजी या स्थानिक रेडिओ केंद्रावर 'ओल्ड आयर्नसाइड्स' या नावाने त्याने रात्रीचा कार्यक्रमही केला. अमेरिकेच्या नौदल इतिहासातील 'कॉन्स्टिट्यूशन' या जुन्या युद्धनौकेचे हे टोपणनाव. कार्यक्रमात तो आपली कडवी, उजव्या वळणाची राजकीय मते हातचे न राखता मांडत असे.

साठच्या दशकात तो पुन्हा दुकानात बसला. चायनाटाउनमधील १०३३, स्मिथ स्ट्रीट हा त्याचा पत्ता. या सुमारास अमेरिकेत गोंदणाच्या धंद्यावर संकट आले होते. काविळीचा एक प्रकार असलेल्या हिपॅटायटिसचा फैलाव गोंदणाच्या सुयांतून होतो, या कारणावरून न्यूयॉर्क शहराने १९६१ मध्ये गोंदणावर बंदी घातली. ती उठायला १९९७ साल उजाडले.

आरोप निराधार नव्हता. अनेक दुकानांत एकच सुई दिवसभर चाले. एकाच बादलीतील पाण्यात बुडवलेल्या एकाच स्पंजने एकामागून एक गिऱ्हाइकांचे रक्त पुसले जाई. जेरीने याविरुद्ध आपल्या दुकानात वेगळी रीत पाडली. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी सुई वापरणाऱ्या आणि रुग्णालयांप्रमाणे वाफेच्या दाबाखाली, ऑटोक्लेव्हमध्ये हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या पहिल्या गोंदणकारांत त्याची गणना होते. आज हे नियम कोणत्याही चांगल्या दुकानात मूलभूत मानले जातात. त्या काळी गिऱ्हाईक ते मागत नव्हते आणि शेजारचा दुकानदार ते पाळत नव्हता. तरीही वेळ आणि पैसा खर्चून जेरीने ते पाळले.

रंगांच्या बाबतीतही तो असाच चिकित्सक होता. त्या काळी गोंदणकारांकडे काळा, लाल, हिरवा, पिवळा, तपकिरी असे मोजकेच रंग असत. त्याने नव्या रंगद्रव्यांचा शोध घेतला. कातडीत टिकणारा जांभळा रंग वापरात आणण्याचे श्रेय त्याला दिले जाते. मात्र आपली गुपिते तो वाटेल त्याला सांगत नसे. चित्रे चोरणारे आणि घाईगर्दीत काम उरकणारे गोंदणकार त्याच्या तिरस्काराचे धनी होते. ज्याच्या कामाबद्दल आदर वाटे, त्याला मात्र तो लांबलचक पत्रे लिही आणि त्यांत सुया, रंग, यंत्रे यांची बारकाईने चर्चा करी.

शत्रूच्या देशातील गुरुबंधू

जेरीच्या आयुष्यातील सर्वांत मोठा अंतर्विरोध जपानविषयीचा होता. पर्ल हार्बरच्या शहरात राहणाऱ्या या कट्टर राष्ट्रवादी माणसाने जपानला कधी मनापासून माफ केले नाही. पण गोंदणाच्या कलेत जपानी उस्तादांची बरोबरी अमेरिकेत कोणीही करू शकत नाही, हेही त्याला स्वच्छ दिसत होते.

अमेरिकन गोंदण म्हणजे अंगावर चिकटवलेल्या बिल्ल्यांसारखी सुटी सुटी चित्रे. जपानी परंपरेत संपूर्ण पाठ, किंबहुना संपूर्ण शरीर हेच एक चित्र. एकोणिसाव्या शतकातील चित्रकार उतागावा कुनियोशी याच्या वीरपुरुषांच्या ठशांचा या परंपरेवर खोल प्रभाव आहे. ड्रॅगन खांद्यावरून वळसा घेतो, त्यामागे लाटा आणि वारा वाहतो आणि साऱ्या चित्राला बांधून ठेवते ती काळी बाह्यरेषा. जपानी उस्ताद आधी सगळी बाह्यरेषा पुरी करतात आणि त्यानंतर छटांना हात घालतात. विशेष म्हणजे जपान सरकारने १८७२ मध्ये गोंदणावर बंदी घातली होती आणि ती १९४८ मध्ये उठली. म्हणजे पाऊण शतक ही कला लपूनछपून जगली होती.

साठच्या दशकात जेरीने गिफू शहरातील काझुओ ओगुरी या गोंदणकाराशी पत्रव्यवहार सुरू केला. ओगुरी 'होरिहिदे' या नावाने काम करीत. जपानी गोंदणकारांच्या नावाआधी येणाऱ्या 'होरी' या शब्दाचा अर्थ कोरणे असा होतो. जेरीने अमेरिकेतील रंग आणि यंत्रांची माहिती पाठवावी, ओगुरींनी जपानी चित्रे आणि मांडणीचे तंत्र कळवावे, असा हा व्यवहार होता. जपान्यांना त्यांच्याच कलेत मागे टाकायचे, ही जेरीची ईर्षा होती. मात्र ईर्षेपोटी सुरू झालेल्या या अभ्यासातून निष्पन्न झाला तो आदर. त्याने स्वतःला गमतीने 'होरी स्मोकु' असे जपानी थाटाचे नाव घेतले. त्यात इंग्रजीतील एका आश्चर्योद्गारावरची कोटी होती; पण उस्तादांच्या पंगतीत बसण्याची आकांक्षाही होती.

१९७२ मध्ये ओगुरी होनोलुलूला आले. ज्या बंदरावर तीन दशकांपूर्वी जपानी बॉम्ब पडले होते, त्याच बंदराच्या शहरात एक जपानी आणि एक अमेरिकन कारागीर सुई आणि शाईवर बोलत बसले. जेरीची मते त्यामुळे बदलली असे नाही. पण चांगल्या कामापुढे त्याला आपला राग बाजूला ठेवता आला. त्याच्यासारख्या हट्टी माणसाच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हती.

वारस किंवा आग

आपल्यानंतर हे काम कोण पुढे नेणार, याची चिंता जेरीला उतारवयात लागली होती. गोंदणाच्या धंद्यात नाव, दुकान आणि चित्रे कोणीही उचलावीत अशी रीत होती. त्याने तीन तरुणांवर विश्वास टाकला. डॉन एड हार्डी, माइक मॅलोन आणि झीक ओवेन हे ते तिघे.

यांतील हार्डी सॅन फ्रान्सिस्कोच्या कलाशाळेत मुद्राचित्रणाचा पदवीधर होता. येल विद्यापीठात पुढे शिकण्याची संधी सोडून तो गोंदणाकडे वळला होता. मुद्राचित्रणात धातूच्या पत्र्यावर ओढलेली रेघ सहजासहजी पुसता येत नाही. तिथला संयम त्याच्या हाताला होता. जेरीने त्याला जपानी परंपरेची वाट दाखवली आणि ओगुरींशी त्याची गाठ घालून दिली. त्यातूनच १९७३ मध्ये हार्डी गिफूला जाऊन ओगुरींकडे शिकू शकला.

त्याच वर्षी मोटरसायकलवरून जात असताना जेरीला हृदयविकाराचा झटका आला आणि काही दिवसांतच, १२ जून १९७३ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी त्याचे निधन झाले. होनोलुलूतील पंचबोल या राष्ट्रीय स्मशानभूमीत, युद्धात कामी आलेल्या हजारो सैनिकांच्या सान्निध्यात त्याचे दफन झाले. तरुणपणी त्याच्या खुर्चीत बसून हात पुढे करणाऱ्यांपैकी काहीजण तिथेच विसावले असतील.

मागे राहिलेल्या पत्नीसाठी त्याने एक सूचना ठेवली होती. तिघांपैकी एकाने दुकान विकत घेतले तर ठीक. नाहीतर चित्रे, साचे, यंत्रे यांसह सारे जाळून टाकावे. आयुष्यभराचे काम नालायक हातांत पडण्यापेक्षा त्याची राख झालेली त्याला चालणार होती. सुदैवाने तसे झाले नाही. मॅलोनने दुकान घेतले आणि 'चायना सी टॅटू' या नावाने ते पुढे अनेक वर्षे चालवले. जेरीचे शेकडो तक्ते त्यामुळे वाचले. हार्डीने १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'रिअलिस्टिक टॅटू' हे दुकान उघडले. तिथे भिंतीवरचे तयार चित्र निवडण्याऐवजी गिऱ्हाईक आधी वेळ ठरवून येई आणि त्याच्यासाठी स्वतंत्र चित्र आखले जाई. आजच्या गोंदणव्यवसायाचा पाया घालणाऱ्या दुकानांत त्याचा समावेश होतो. जेरीची पत्रेही हार्डीने पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

नाव आणि काम

१९९९ मध्ये हार्डी आणि मॅलोन यांनी फिलाडेल्फियातील एका कंपनीच्या साह्याने जेरीच्या चित्रांचे कपडे बाजारात आणले. त्यानंतर त्याच्या नावाची रम आली. २००८ मध्ये त्याच्यावरील माहितीपट प्रदर्शित झाला. चित्रे चोरणाऱ्यांवर संतापणाऱ्या आणि दुकान जाळून टाकायला सांगणाऱ्या माणसाचे नाव जगभरच्या दुकानांत मांडले गेले. त्याला हे आवडले असते का, याचे उत्तर आता मिळणार नाही. मात्र या बाजारपेठेने त्याचे नाव जेवढे पसरवले, तेवढेच त्याचे काम नावाआड झाकले गेले, हेही नाकारता येत नाही.

मधल्या काळात गोंदणाच्या फॅशन अनेकदा बदलल्या. छायाचित्रासारखी हुबेहूब चित्रे आली, बाह्यरेषेशिवाय केवळ रंगांचे फटकारे आले, केसाएवढ्या बारीक रेघांची नाजूक नक्षी आली. यंत्रेही बदलली. वेटोळ्यांच्या खणखणणाऱ्या यंत्राची जागा अनेक ठिकाणी छोट्या मोटरवर चालणाऱ्या, पेनसारख्या शांत यंत्राने घेतली. सुया कारखान्यातून निर्जंतुक वेष्टनात येतात. डाख देण्याची गरज उरलेली नाही. कातडी मात्र तीच आहे. ती तशीच झडते, ताणते, उन्हात रापते आणि सुरकुतते. शाईने जायचे ते अंतर आजही मिलिमीटरभरच आहे. त्यामुळे नव्या शिकाऊ गोंदणकाराला आजही सराव दिला जातो तो सरळ आणि सलग काळ्या रेघेचाच.

जेरीने गोंदवलेल्या खलाशांपैकी बहुतेकजण आता हयात नाहीत आणि त्यांच्याबरोबर त्या रेघाही गेल्या. या कलेत मूळ कृती कोणत्याच संग्रहालयात ठेवता येत नाही. जेरीला हे माहीत होते. तरीही बंदरातून घाईघाईने आलेल्या आणि पुन्हा कधी भेटण्याची शक्यता नसलेल्या अनोळखी पोराच्या दंडावर तो म्हातारपणापर्यंत टिकेल अशी रेघ ओढत राहिला. ती पोरे युद्धावर निघाली होती. त्यांना म्हातारपण येणार, हे गृहीत धरूनच तो सुई टेकवत होता.